न वाजणारा डगला

अँब्रोजच्या घरात शिरलं की आधी ओल्या रबराचा वास येतो. दाराच्या आतच खुंट्यांची रांग आहे. तिच्यावर मासेमारीचा जाड नारिंगी डगला आणि तशीच विजार लटकत असते, खाली गमबूट, आणि त्यांच्याखाली पाणी साचू नये म्हणून व्हर्नानं अंथरलेलं जुनं जाळं. आल्डर खाडीत पाऊस थांबायची वाट कुणी पाहत नाही. छत्री उघडलेला माणूस दिसला की लोक ओळखतात, हा फेरीबोटीतून आत्ता उतरलाय.

अँब्रोजनं उभा जन्म सॅमन माशांच्या बोटीवर काढला. इंजिनच्या डोक्यावर बसून जाळी ओढली, इंजिन उशाला घेऊन झोपला. बोट विकून टाकली तरी नारिंगी डगला विकला नाही. हिवाळ्याच्या तोंडाशी, सॅमनचा हंगाम संपून हरणं डोंगरावरून खाली उतरली की तोच डगला घालून तो रानात जाई. तो बोलायला कमी होता. हसताना आवाज करत नसे, नुसते खांदे हलत. अलीकडे त्याची एकच तक्रार होती: लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात. टीव्हीवरचे लोकसुद्धा. त्यामुळे त्याचा टीव्ही धक्क्यापर्यंत ऐकू येई.

यंदाचा नोव्हेंबर मात्र निराळा होता. त्याची थोरली बहीण सेसिलिया जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि शनिवारी तिच्या नावाचं जेवण घालायचं होतं.

त्या गावात प्रत्येक जण एक तर डोमकावळ्यांच्या बाजूचा, नाही तर गरुडांच्या. मूल आईच्या बाजूचं, आणि लग्न नेहमी पलीकडच्या बाजूत. अँब्रोज आणि सेसिलिया कावळ्यांचे. अँब्रोजची बायको व्हर्ना आणि तिचा धाकटा भाऊ लेस्टर गरुडांचे. माणूस गेलं की पलीकडची बाजू सगळं करते: अंगावर कपडे चढवते, पेटी ठोकते, खड्डा खणते. वर्षानं मग गेलेल्याची बाजू त्यांना पोटभर जेवू घालून उपकार फेडते. आधी गेलेल्याचं ताट वाढतात, नाव घेऊन ते अग्नीला देतात, मग पाहुणे जेवतात. सेसिलियाला हरणाच्या बरगड्या जीव की प्राण. तिच्या ताटात त्या असायलाच हव्या होत्या, आणि त्या आणायच्या होत्या तिच्या भावानं.

पण गेले दोन हिवाळे अँब्रोज रिकाम्या हातानं परत येत होता. हरणं वर सरकलीत म्हणायचा, थंडी उशिरा पडते म्हणायचा. गेल्या वर्षी लेस्टरनं आपल्या हरणातलं अर्धं दिलं आणि घरात हिवाळाभर मटण पुरलं. यंदा तसं चालणार नव्हतं. लेस्टर पाहुण्यांच्या बाजूचा.

"पाहुण्यानंच मटण आणायचं," लेस्टर व्हर्नाच्या स्वयंपाकघरात कॉफी ढवळत म्हणाला, "तर मग घरूनच जेवून आलेलं काय वाईट, दाजी?"

"तू गप कॉफी पी."

"साखर कुठंय?"

"काय?"

"साखर! साखर!"

"तुझ्या बहिणीनं लपवलीय. तुझं पोट बघून."

मेव्हण्या-मेव्हण्यांनी एकमेकांना टोचून बोलायचं ही तिकडची रीतच आहे, आणि लेस्टर रीत पाळण्यात कधी कमी पडला नाही. धंद्यानं तो पोस्टमन होता. विमान आलं की टपाल घरोघर पोचवायचा, टपालापेक्षा जास्त बातम्या पोचवायचा. त्या दिवशी त्यानं एक पुडकं आणलं होतं. सेसिलियाच्या मुलीनं, डोरीननं, जूनो शहरातून मामासाठी नवा डगला पाठवला होता. पातळ, हलका, पानाफुलांच्या नक्षीचा, मुठीत मावेल असा.

पुडकं उघडेपर्यंत तिचा फोनही आला. अँब्रोजनं फोन कानाला घट्ट दाबला.

"मामा, रबराच्या डगल्यात तू घामानंच भिजतोस. यात घाम साचत नाही आणि बाहेरचं पाणीही आत येत नाही. विकणारा म्हणाला."

"विकणाऱ्याला विचारलंस का, तो कुठल्या पावसात राहतो?"

"मामा!"

"बरं, बरं. छान आहे. फुलं छान आहेत."

फोन ठेवल्यावर तो नवा डगला उलटासुलटा करून बघत बसला. काटेरी झुडपांतून एकदा गेलं की याची चाळणी होणार, हे त्याला दिसत होतं. पण भाचीनं पाठवलेलं. भाची म्हणजे आपल्या बाजूचं माणूस, आणि आईला जाऊन वर्ष होतंय तिच्या. नुसतं नाही म्हणता येईना.

"मामीची परीक्षा घेऊ," तो म्हणाला. "नारिंगी, नवा, आणि लोकरीचं जाकीट. जो पास होईल तो उद्या."

उद्या कुठं, ते कुणी बोललं नाही. हरणाला मारायला जातो असं तोंडानं म्हणायचं नसतं. उद्या जरा पलीकडच्या किनाऱ्यावर फिरून यायचं, एवढंच.

मामीची परीक्षा ही अँब्रोजच्या घरची जुनी पद्धत. त्याला रान शिकवलं त्याच्या मामानं. नवे कपडे शिवले की मामा मामीला घरामागच्या शेवाळावर पाठमोरी बसवायचा. ती हरीण. मामा मागून चालत यायचा. चाहूल लागली की तिनं हात वर करायचा. हात वर व्हायच्या आत मामाचा हात तिच्या खांद्यावर पडला, तर कपडे रानात न्यायच्या लायकीचे. मामी मोठी कडक होती. एकदा फक्त नव्या बुटांच्या वासावरून तिनं हात वर केला होता म्हणतात.

व्हर्नानं माशांचा डबा उपडा केला आणि हेमलॉकच्या झाडांकडे तोंड करून त्यावर बसली. पाऊस बारीक, एकसारखा. लेस्टर लाकडांच्या छपराला टेकून उभा राहिला.

अँब्रोज आधी नारिंगी डगला आणि विजार चढवून मागं उभा राहिला. त्याची खात्री होती. पाय टाच न टेकवता टाकायचा, वजन हळूहळू सोडायचं, हे त्याच्या अंगात मुरलेलं. त्यानं पहिला पाय उचलला, दुसरा उचलला, आणि व्हर्नाचा हात वर गेला.

"तू मागं पाहिलंस."

"मला मागं डोळे असते," व्हर्ना मान न वळवता ओरडली, "तर तुझ्याशी लग्न केलं असतं का?"

लेस्टर हसला. अँब्रोजचेही खांदे हलले. त्यानं नवा डगला घातला. निम्म्या वाटेवर हात पुन्हा वर. मग लोकरीचं करडं जाकीट. धुराचा वास मारणारं, कोपरांवर ठिगळं लावलेलं. त्यात तो जवळजवळ पोचला होता. हात खांद्यावर टेकणार, तेवढ्यात बुटाखाली काटकी मोडली असावी, कारण व्हर्नाचा हात वर गेला. पण सावकाश, नाइलाजानं गेल्यासारखा.

अँब्रोज तिथंच उभा राहिला. त्याच्या कपाळावरून पाणी ओघळत होतं.

"लेस्टर, तुला ऐकू आलं? नारिंगी?"

लेस्टर आपल्या बुटांकडे बघत राहिला. सबंध गावाला बोलून दमवणारा माणूस. अँब्रोजला उत्तर ऐकू येण्याआधीच दिसलं.

"कधीपासून?"

"दाजी..."

"कधीपासून, म्हटलं."

"दोन हिवाळे झाले असतील." लेस्टर आता मोठ्यानं बोलत होता. "विजारीचा पाय पायाला घासतो ना, ते मला पलीकडच्या ओढ्यावर ऐकू येतं. मला, तर हरणाला काय!"

"मग बोलला का नाहीस? एरवी तोंड बंद असतं का तुझं?"

"मला रानात चालायला तुम्ही शिकवलंत, दाजी. तुम्हाला कसं सांगू, आवाज करू नका म्हणून?"

अँब्रोज घरात गेला. टेबलाशी बसून त्यानं नारिंगी डगल्याची बाही कानाशी धरली आणि बोटांत चोळली. मग नव्या डगल्याची. मग लोकरीची. पुन्हा नारिंगी. व्हर्ना चुलीशी उभी राहून बघत होती. तिन्ही बाह्या त्याच्या कानाशी सारख्याच होत्या, बर्फ पडतो तशा बिनआवाजी.

"सगळे सारखेच," तो म्हणाला.

"माहितेय मला," व्हर्ना म्हणाली, आणि त्याला कळेल अशा बेतानं, त्याच्या तोंडासमोर येऊन बसली. "इंजिननं खाल्ले तुझे कान. त्याच इंजिननं घर चाललं."

पाव आणि धुरावलेला मासा समोर आला, तो त्यानं खाल्ला. मग एकदम म्हणाला, "मामा शेवटी शेवटी चालायचाच नाही. एका झाडाखाली बसून राहायचा. मला वाटायचं, थकला."

"बसलेल्या माणसाचा डगला कुठं वाजतो?" व्हर्ना म्हणाली.

"भिजलेलं लोकरीचं अंगावर घेऊन दिवसभर बसलो तर मात्र गारठून मरेन."

"मग चाल लोकरीत, बस रबरात. दोन्ही आहेत की घरात. आणि फुलांचा मला दे. दुकानात जायला झकास आहे."

सकाळी खाडी राखाडी होती, आभाळ आणि पाणी ओळखू येत नव्हतं. लेस्टरनं होडी चालवली. अँब्रोज नारिंगी डगल्यात पुढं बसला होता. लाटेचं पाणी अंगावर येतं तिथं त्याला तोड नाही. पलीकडच्या दगडी किनाऱ्यावर उतरल्यावर मात्र त्यानं डगला आणि विजार काढली, घडी करून पाठीवरच्या पिशवीत कोंबली, आणि लोकरीच्या जाकिटात पावसात उभा राहिला. उघडा पडल्यासारखं वाटलं त्याला.

"कसं वाटतंय, दाजी?"

"ओलं."

दोघं वर चढले. पुढं लेस्टर, मागं अँब्रोज. दलदलीच्या माळाच्या कडेला एक रुंद हेमलॉक होता, तिथं पोचेपर्यंत लोकर पाणी पिऊन दुप्पट जड झाली होती, पण आत ऊब होती. झाडाखाली त्यानं वरून नारिंगी डगला चढवला. तो वाजला असणार. लेस्टरच्या कपाळावर आठी आली, तिच्यावरून त्याला कळलं. मग ते नुसते बसून राहिले, रान त्यांना विसरेपर्यंत.

लेस्टरची बंदूक मांडीवर आडवी होती, पण ती अस्वलासाठी. हरिणीची हाक ऐकून कधी कधी अस्वलही येतं. हरीण अँब्रोजचं.

अँब्रोजनं खिशातून हरिणीसारखी हाक देण्याची पट्टी काढली: लाकडाच्या दोन चिपा आणि मध्ये ताणलेलं रबर, मामाच्या हातची. ओठांत धरून त्यानं फुंकर घातली. ओठांना गुदगुल्या झाल्या, आवाज मात्र त्याच्यापर्यंत आला नाही. तसा तो किती दिवसांत आला नव्हता, हे त्याला आत्ता उमगलं. नुसत्या गुदगुल्यांनाच तो आवाज समजत होता. त्यानं लेस्टरकडे पाहिलं.

लेस्टरनं बोट वर केलं: अजून बारीक. अँब्रोजनं ओठ आवळले. लेस्टरनं तळवा खाली दाबला: हळू. पुन्हा. मग त्यानं डोळे मिटून मान डोलावली, एखाद्याचा सूर लागला की डोलवावी तशी. अँब्रोजनं ओठांवरची ती गुदगुली लक्षात ठेवली.

पाऊस पडत होता. बराच वेळ काही झालं नाही. मग लेस्टरचा हात त्याच्या गुडघ्यावर टेकला, आणि त्याची हनुवटी डावीकडे वळली. अँब्रोजला झुडपं दिसली, नंतर झुडपांत दोन कान दिसले, आणि त्यानंतर हळूच पुढं आलेला नर, मानेवर पाणी निथळणारा.

अँब्रोजची बंदूक त्याच्याही मांडीवरच होती. ती उचलायची म्हणजे हात हलवायचा, आणि हातावर नारिंगी बाही. अँब्रोज हलला नाही. हरणाचे कान त्यांच्याच दिशेला होते. वारा त्याला ऐकू येत नव्हता, पण माळापलीकडच्या झाडांचे शेंडे वाकताना दिसत होते. ते वाकणं माळ ओलांडून या बाजूला आलं, डोक्यावरचा हेमलॉक हलला, फांद्यांवरचं सगळं पाणी एकदम कोसळलं. त्या सरीच्या आडोशानं त्यानं बंदूक खांद्याला लावली.

हरीण जागच्या जागी पडलं. अँब्रोज त्याच्यापाशी गुडघे टेकून बसला, त्याचे आभार मानले, आणि हे कुणाच्या ताटासाठी आहे ते त्याला सांगितलं. आपण पुटपुटतोय असं त्याला वाटलं. माळाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेलं असतं. लेस्टर टोपी काढून उभा होता.

परतताना होडीत लेस्टर इंजिनच्या आवाजात काहीतरी बोलला. एरवी अशा वेळी अँब्रोज मान हलवायचा. त्यात सगळं भागायचं. या वेळी तो मागं वळला.

"ऐकू नाही आलं. मोठ्यानं बोल."

लेस्टरनं तोंडाशी हात धरला. "म्हटलं, मी पाहुणा आहे! हे ओझं धक्क्यावर मी वाहणार नाही!" डोंगर उतरताना हरणाचं जड निम्मं लेस्टरच्याच पाठीवर होतं, हे दोघांनाही माहीत होतं.

शनिवारी सगळ्यांत आधी सेसिलियाच्या ताटात बरगड्या वाढल्या गेल्या. डोरीननं आईचं नाव घेतलं, अँब्रोजनं तिच्या शेजारी उभं राहून ताट अग्नीला दिलं. मग पाहुणे बसले. व्हर्ना गरुडांच्या रांगेत, खुर्चीच्या पाठीवर तिचा फुलांचा डगला. लेस्टरनं तिसऱ्यांदा मटण वाढून घेतलं, चघळत चघळत वाढणाऱ्या अँब्रोजकडे वर पाहिलं आणि सावकाश, ओठ स्पष्ट हलवत म्हणाला, "जरा चिवटच आहे, दाजी."

अँब्रोजचे खांदे हलले. त्यानं पळीभर आणखी वाढलं.