भालेरावांनी अडवलेला डबा

"भालेराव मोठे गमतीचे! साहेबाशी वाकडं होतं, म्हणून सुट्टीवर असतानाही चांगला डबा गाडीतून तोडायला लावला." नल्लकुंट्यातल्या शोकसभेत एका वक्त्याने हे सांगितले आणि लोक चक्क हसले. माणूस जाऊन आठवडा झाला नव्हता. वक्ते त्या दिवशी नामपल्लीच्या फलाटावर नव्हते. मी होतो. त्या डब्यावर बाद म्हणून खडूची फुली मारणारा हात माझा आहे.

भालेरावांनी आणि मी रेल्वेगाड्यांची चाके तपासण्यात नोकरी घालवली. प्रवासाला निघाले तरी ते पलीकडच्या बाजूने रुळांत उतरत, डब्याखाली वाकून पाहत आणि मगच गाडीत चढत. घरची मंडळी लाजत. ते म्हणत, "ज्याच्यावर बसायचं त्याचं तोंड तर बघू द्या!"

लोक डब्यालाच बोगी म्हणतात, ते चूक आहे. बोगी म्हणजे डब्याखालचा चाकांचा सांगाडा. डबा त्याच्यावर टेकलेला असतो आणि वळणावर हा सांगाडा स्वतंत्रपणे वळतो. सुलतान बाजारच्या इराणी हॉटेलात भालेराव चहाचे दोन कागदी पेले तोंडाला तोंड लावून चिकटवत आणि दोन पट्ट्यांवरून घरंगळवत. पेले डगमगत, पण मध्यावर परत येत. "बघितलं? चाकाला असाच उतार असतो. आत जाड, बाहेर बारीक. दोन्ही चाकं एकाच कण्याला घट्ट. उतारच त्यांना रुळावर ठेवतो. चाकाची आतली उंच कड ही नुसती राखणदार. राखणदारावर घर सोडून झोपायचं नसतं, मियाँ!"

त्या दिवशी नामपल्लीला ते असेच डब्याखालून उठले तेव्हा चेहरा उतरलेला होता. तपासणीची पाळी माझी होती, म्हणून ते माझ्याकडे आले. "उतार गेला हो त्याचा. खळगा पडलाय." मी माप लावले. चाक झिजेच्या अगदी हद्दीवर होते. साहेब धावत आले.

"नांदेडला बघतील. सोडा गाडी."

"हौ, सोडू. तुम्ही बसता का त्या डब्यात? मी तुमची ब्याग आणून देतो."

"भालेराव, तुम्ही सुट्टीवर आहात!"

"मी हाय. चाक नाही."

साहेब लालबुंद झाले. मी फुली मारली. डबा रिकामा करताना जो गिल्ला झाला तो आजही कानात आहे. शिव्या भालेरावांना मिळाल्या. एका म्हाताऱ्याने तर त्यांच्यावर काठी उगारली.

ते चाक आणखी किती धावले असते, याबद्दल माझा वाद नाही. कुणाला ठाऊक, नांदेड गाठलेही असते. वाद हेतूचा आहे. साहेबाची जिरवायची म्हणून त्यांनी हे केले, असे म्हणणाऱ्यांनी डबा रिकामा झाला तेव्हा मी काय पाहिले ते ऐकावे. त्या क्षणापर्यंत मलाही कल्पना नव्हती.

सर्वांत शेवटी भालेरावांनी स्वतः हात धरून उतरवली ती दुसऱ्या दिवशी परभणीला लग्न असलेली, हळदीच्या अंगाची त्यांची एकुलती एक मुलगी होती.