फुगडीला दोघी लागतात

वस्ती उठवली आणि तिथे गोल बाग केली. दारातल्या फलकावर लिहिलंय, 'फुगडीच्या गिरकीवरून सुचलेली रचना'. सगळ्या वाटा वळत वळत मधल्या चौथऱ्याशी येतात. बाग सुंदर आहे, हे मी नाकारत नाही. राग त्याचाच येतो. गिरकी ठेवून घेतली आणि फुगडी घालणाऱ्या पोरी शहराबाहेर धाडल्या.

आज तिथे वस्ती उठवल्याच्या निषेधाची पत्रकं वाटायला मी एकटीच होते. बरोबरचे कार्यकर्ते कधीच पांगले. चौथऱ्यावर शेजारच्या चाळीतली एक पोर हात पसरून एकटीच गरगर फिरत होती.

"मैत्रीण कुठंय गं तुझी?"

"तिचं घर पाडलं ना. ताई, तू धर की हात. एकटीला फुगडी येत नाही."

मी चपला काढून पत्रकांवर ठेवल्या आणि तिचे हात धरले. फुगडीत दोघी मागे रेलतात आणि एकमेकींच्या हातांवरच तोलून राहतात. इतक्या महिन्यांत मी कुणाच्या भरवशावर अशी रेललेच नव्हते.

रखवालदाराची शिट्टी वाजली. "ओ मॅडम, इथं खेळायला बंदी आहे."

"आता सोडू नकोस हं ताई," पोर म्हणाली, "दोघी पडू."