आत्या हयात असल्याबद्दल

माझी आत्या जिवंत आहे, हे दर नोव्हेंबरात पनवेलमधल्या एका बँकेच्या खिडकीवर सिद्ध करणं हे माझं काम. आत्या सरकारी दवाखान्यात नर्स होती, त्यामुळे तिला राज्य सरकारची पेन्शन आहे; तीन वर्षांपूर्वी ती मुलाकडे ऑस्ट्रेलियाला गेली, त्यामुळे तिला भाचा आहे. म्हणजे भाचा मी आधीपासूनच होतो, कामाला लागलो तो तेव्हा.

मोबाइलवर चेहरा दाखवून हयातीचा दाखला मिळवायची सोय आहे म्हणतात. पहिल्या वर्षी तो प्रयोग करून झाला. मोबाइल म्हणाला, डोळे मिचकावा. आत्या म्हणाली, मी आयुष्यात कुणाकडे बघून डोळे मिचकावले नाहीत, आता सरकारसाठी मिचकावू? तेव्हापासून आमचा मार्ग कागदाचा. ती तिथल्या भारतीय वकिलातीच्या कचेरीत जाते, अधिकाऱ्यासमोर सही करते, शिक्का बसतो, पाकीट माझ्याकडे येतं आणि मी ते बँकेत नेऊन देतो. खिडकीवरच्या मॅडम न बघता ते ट्रेमध्ये टाकतात आणि आत्या आणखी वर्षभर हयात राहते.

गेल्या नोव्हेंबरात मॅडमनी कागद ट्रेमध्ये टाकला नाही. उजेडाकडे धरून पाहिला.

"आजी कुठे असतात?"

"ऑस्ट्रेलियाला."

"असतात?"

"हो."

"म्हणजे, आहेत?"

"मॅडम, दाखलाच आहे ना हातात तुमच्या!"

"आमच्या कानावर वेगळं आलंय. साहेबांना भेटा."

साहेबांनीही कागद उलटसुलट पाहिला. मग म्हणाले, "कागद बरोबर दिसतोय. पण पेन्शनर वारल्याची माहिती आली की खात्री करावीच लागते. तोवर पेन्शन थांबेल."

"माहिती दिली कुणी?"

"ते सांगता येत नाही. तुम्ही कोण त्यांचे?"

"भाचा."

"हं," साहेब म्हणाले. त्या एका हं मध्ये त्यांना आजवर भेटलेले सगळे भाचे होते.

स्कूटरवरून घरी येताना मी आधी रागाने फणफणत होतो. उड्डाणपुलाच्या चढावर राग संपला आणि उतारावर दुसराच प्रश्न पुढे आला: आपण आत्याशी शेवटचं बोललो कधी? दिवाळीच्या आधी. रोज सकाळी तिच्याकडून गुलाबाचं फूल आणि खाली 'शुभ सकाळ' येतं, ते दिवाळीपासून बंद होतं. भाऊबीजेला ती फोन करून फराळात काय काय बिघडलं याची चौकशी करते; या वर्षी तो फोनही आला नव्हता. आणि मला काळजी वाटायच्या ऐवजी, खरं सांगायचं तर, जरा बरंच वाटलं होतं.

मी आतेभावाला फोन लावला. आपल्याकडे दुपारचे चार, तिकडे साडेनऊ. "आई झोपली रे." ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला लावला, म्हणजे तिकडे साडेचार. "आई फिरायला गेलीय." तिसऱ्यांदा लावला तर आई बाथरूममध्ये.

"एकदा व्हिडिओवर दाखव ना तिला," मी म्हणालो.

"कशाला?"

"असंच."

"असंच म्हणजे?"

त्यालाही माझा संशय आलेला दिसला. घराण्यातच आहे ते.

संध्याकाळी मी तिन्ही वर्षांच्या दाखल्यांच्या झेरॉक्स टेबलावर मांडल्या आणि भिंग घेऊन बसलो. पहिल्या दोन सह्या कापऱ्या, उतरत्या. यंदाची ठळक आणि सरळ. बायको समोर वाटाणे सोलत होती.

"ही सही आत्याची वाटते?"

"मोतीबिंदू काढला ना त्यांचा. आता रेघ दिसत असेल."

"किंवा दुसऱ्याच कुणीतरी केली असेल."

"अहो, अधिकारी समोर बसवून सही घेतो."

"तुझा त्या अधिकाऱ्यावर विश्वास आहे?"

"माझा तुमच्यावर नाहीये. दाखला नेऊन देणारे तुम्ही. खोटा निघाला तर पोलीस ऑस्ट्रेलियाला जाणार नाहीत. इथे खांदा कॉलनीत येतील."

संशयाचं एक असतं, त्याला एकदा बसायला जागा दिली की तो जुन्या गोष्टीही बोलावून घेतो. मला दिवाळीआधीचा प्रकार आठवला. आत्याच्या बंद फ्लॅटची किल्ली माझ्याकडे असते. तिच्या सांगण्यावरून मी तो रंगवून घेत होतो. शेवटच्या दिवशी गेलो तर दाराच्या कडीला वर्तमानपत्रात बांधलेली सुक्या बोंबलांची पुडी. नाव नाही, चिठ्ठी नाही. रंगारी म्हणाला, "एक म्हातारी आलेली. दारातनं आत बघितलं आणि रडत रडत गेली." रंगाच्या वासाने डोळ्यांत पाणी आलं असेल, असं मी तेव्हा ठरवून टाकलं. पुडीत काही करणी वगैरे नसावी म्हणून ती दोन दिवस गॅलरीत ठेवली. तिसऱ्या दिवशी बायकोने त्यांची चटणी केली. उत्तम झाली होती.

शेवटी मी आतेभावाला सरळच विचारलं, "आत्या आहे ना रे?"

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "खरं सांगू? आई तुझ्याशी बोलणार नाही म्हणते."

"का?"

"तुला माहितेय म्हणते."

मला काहीही माहीत नव्हतं. शिवाय, ज्याची आई आता बोलूच शकत नाही असा मुलगाही नेमकं हेच सांगेल, हेही माझ्या लक्षात आलं. मी तसं बायकोला बोलून दाखवलं. तिने मला झोपायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बँकेत साहेबांची वाट बघत पेन्शनरांच्या बाकावर बसलो होतो. शेजारी एक कोळीण म्हातारी, हिरवं लुगडं, हयातीच्या यादीवर सही करायला आलेली. तिने माझ्याकडे दोनदा निरखून पाहिलं.

"तू नर्सबायचा भाचा ना रं?"

"हो. तुम्ही?"

"मी करंजा गावची. आमचं मालक तिच्याच दवाखान्यात गाडीवर डायवर व्हतं. माजी दोनी बालतपनं तिनंच केली." तिने पदर डोळ्याला लावला. "लय वायट झालं. परदेशात गेली नि तिकरंच संपली. आमाला कोन सांगनार?"

मी तिच्याकडे सरकलो. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला लागतं? मी माज्या डोल्यानी बगलाय. ती हितं व्हती तवर दर साली बोंबील देत व्हते तिला. या टायमाला आली आसंल म्हनून गेले तं दार उगरं, नि समोर फोटो. फोटोला हार! बोंबील दाराला बांधलं नि तशीच परत फिरले. मंग पैसं काराला हितं आले नि या बायला सांगितलं, नर्सबाय गेली म्हनून."

खिडकीवरच्या मॅडम मान खाली घालून काहीतरी शोधू लागल्या.

आणि मला तो हार दिसला. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, चार वर्षांपूर्वी गेले. त्यांना फोटो काढायचा भारी नाद, त्यामुळे घरातल्या प्रत्येक फोटोत ते सोडून सगळे आहेत. एकच जोडफोटो होता, दोघांचा. समोरची भिंत वाळली तशी, बाकी रंगकाम चालू असतानाच, मी तो तिच्यावर लावला आणि आतोबांची आठवण म्हणून चंदनी हार आणून फ्रेमला घातला. अख्ख्या फ्रेमला. आत्यासकट. वर, भिंत कशी झकास रंगवलीय हे दाखवायला, ऐन दिवाळीत त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. बायको म्हणाली होती, हार एका बाजूला घ्या. मी म्हणालो होतो, तसा तो बेढब दिसेल.

"आजी," मी म्हणालो, "आत्या जिवंत आहे. बहुतेक."

"बहुतेक म्हंजे?"

मी तिथूनच फोन लावला आणि आतेभावाने उचलल्याबरोबर म्हातारीच्या हातात दिला. "आयेला दे," ती ओरडली. "करंज्याची हाय म्हनावं."

अर्ध्या मिनिटात पडद्यावर आत्या आली. तिकडे उन्हाळा लागलेला, तरी स्वेटर, कानटोपी; आणि नवा चष्मा.

"बाय! हायस गो तू!"

"मला काय धाड भरलीय?" आत्या म्हणाली, आणि दोघी रडायला लागल्या. इतक्यात साहेब आले. मी फोन त्यांच्यासमोर धरला.

"नमस्कार आजी. बँकेतून बोलतोय. जरा तुमची जन्मतारीख सांगा."

"नाही सांगणार."

"का?"

"इथे रोज बजावतात, बँकेच्या नावाने फोन आला तर काही सांगू नका. कशावरून ही बँक?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी फोन गोल फिरवला.

"पेन्शनच्या बाकावरचा पंखा दाखव," आत्याने फर्मावलं. मी फोन वर केला. "बंद आहे ना? मग बँक खरी. आता विचारा."

"जन्मतारीख."

"नोकरीतली की खरी?"

"नोकरीतली. खरी आम्हाला चालत नाही."

तिने सांगितली. साहेबांनी फाइलशी ताडून पाहिली आणि पहिल्यांदाच हसले. "ठीक आहे आजी. पेन्शन थांबणार नाही."

"थांबा. तो भाचा आहे ना तिथे?"

मी पडद्यासमोर गेलो.

"मला हार घातलास."

"आत्या, तो आतोबांना होता. त्यांचा एकट्याचा फोटोच नाही गं."

"मग माझ्यावरून कशाला घेतलास?"

"फ्रेम एकच आहे ना."

"फ्लॅटवर डोळा आहे का तुझा?"

बाकावरचे सगळे पेन्शनर माझ्याकडे वळले. साहेबांच्या चेहऱ्यावर तो पहिला हं परत आला. मी नाही म्हणालो. पण भर बँकेत असं नाही म्हणणारा माणूस कसा दिसतो ते मला समोरच्या काचेत दिसत होतं. खरा वाटत नव्हता.

"दर एक तारखेला त्या भिंतीचा फोटो पाठवायचा," आत्या म्हणाली. "मला बघायचंय मी कशी आहे ते."

त्याच दुपारी मी हार कापून निम्मा केला आणि फ्रेमच्या आतोबांच्या कोपऱ्याला अडकवला. दिसतो बेढबच. पहिल्या तारखेला फोटो पाठवला. उत्तर आलं: "हार माझ्याकडे सरकतोय. खिळा मार." मी मारला. दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबाचं फूल आलं.

अजून रोज येतं. कधी उशीर झाला तर मी ग्रुप उघडून बघत बसतो. आणि एक तारखेला किल्ली घेऊन फ्लॅटवर जातो. हार खिळ्याला पक्का आहे, फक्त पंखा लावला की त्याचं टोक हलतं आणि जरासं तिच्या बाजूला झुकतं. म्हणून फोटो काढायच्या आधी मी पंखा बंद करतो, आणि हार स्थिर होईपर्यंत थांबतो.