चार बाटल्या आणि एक संत्रं

ताप उतरून तीन दिवस झाले होते. अंगात त्राण नव्हतं, पण रजा संपत आली होती, म्हणून सकाळी उठून मी ओट्यापाशी उभी राहिले. एका शेगडीवर दूध, दुसरीवर पोह्यांची फोडणी, आणि हातात मोबाईल. ऑफिसचे साचलेले मेल वाचत होते. इतक्यात बाल्कनीतून सासरे धावत आले आणि त्यांनी खटकन गॅस बंद केला.

"अगं, दूध करपून पातेलं काळं ठिक्कर पडलं! खालच्या मजल्यापर्यंत वास गेला असेल. तुझं नाक काय अजून रजेवर आहे का?"

मी पातेल्यावर वाकले. काहीच वास नाही. फोडणीवर वाकले. काही नाही. हिंगाची डबी उघडून अगदी नाकपुडीला लावली. नुसती हवा आत गेली आणि बाहेर आली. मी तिथेच फरशीवर बसून रडायला लागले.

सासरे स्टूल ओढून माझ्यासमोर बसले. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात त्यांची सगळी नोकरी गेली, आणि तिथल्या आवाजात त्यांचा डावा कान गेला. ते हळूच म्हणाले, "माझा कान गेला तेव्हा दोन वर्षं मी कुणाला बोललो नाही. वेडेपणा केला. तू उद्याच डॉक्टरकडे चल. मी येतो बरोबर."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी सगळं तपासलं आणि सांगितलं की तापात वासाची नस दुखावली आहे. वास परत येऊ शकतो, पण खात्री देता येत नाही. मात्र नाकाला व्यायाम देता येतो. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी असे चार वास चार बाटल्यांत भरायचे. सकाळ-संध्याकाळ एकेक बाटली वीस सेकंद हुंगायची. "पण मन लावून हं," त्या म्हणाल्या.

ते शेवटचं वाक्य मी ऐकलंच नाही. म्हणजे कानांनी ऐकलं.

दोन महिने मी बाटल्या हुंगल्या. डाव्या हातात बाटली, उजव्या हातात मोबाईल. कधी दात घासता घासता, कधी हिंजवडीच्या बसची वेळ झाली म्हणून चारही बाटल्या एका दमात. वास कुठलाच आला नाही. जेवण म्हणजे गरम, खारट, तिखट एवढंच उरलं. नवरा कौतुकाने काही करून आणायचा, मी "छान झालंय" म्हणायचे आणि त्याला कळायचं. मी चिडचिडी झाले. रात्री झोप लागेना. मला माझ्याच अंगाचा वास येत नव्हता, म्हणून मी दिवसातून दोनदा अंघोळ करायचे आणि बसमध्ये कुणी सरकून बसलं तरी मनातून खट्टू व्हायचे.

गुलाबाची बाटली संपली म्हणून एका शनिवारी मी रविवार पेठेत गेले. तिथे एका बोळात अत्तराचं जुनं दुकान आहे. गादीवर बसलेले चाचा सत्तरीचे असतील. त्यांच्या घराण्याच्या चार पिढ्या याच दुकानात गेलेल्या. मी बाटली पुढे केली आणि का हवंय तेही सांगून टाकलं.

"मग आपण कसं हुंगता? दाखवा जरा," ते म्हणाले.

मी हुंगून दाखवलं.

"हे झालं? अहो ताई, आपण तर पाहुण्याला दारातूनच परत पाठवलंत."

मला राग आला, पण हसूही आलं. चाचांनी कापसाचा बारीक फाया केला, त्यावर गुलाबाचा थेंब सोडला आणि माझ्या हातात दिला. "मोबाईल पिशवीत ठेवा. आता हुंगू नका. आधी सांगा, गुलाब म्हटल्यावर काय आठवतं?"

काय आठवणार? मग हळूहळू आठवलं. मामाच्या लग्नात मी सहा-सात वर्षांची होते आणि दारात चांदीची गुलाबदाणी घेऊन मला उभं केलं होतं. येणाऱ्यांवर गुलाबपाणी शिंपडायचं काम माझं. माझ्याच तोंडावर थेंब उडायचे, गार, आणि ओठांना किंचित कडू लागायचे. हे सगळं मी त्या अनोळखी माणसाला सांगत बसले.

"आता तिथेच उभ्या राहा," चाचा म्हणाले, "आणि सावकाश श्वास घ्या."

मी डोळे मिटले. वास आला नाही. तसं सांगितलं.

"नाही आला तर नाही. पण आला नाही हे तरी नीट पाहिलंत ना? रोज एवढंच करा."

पेठेतून परत येताना का कोण जाणे, पण मी खुशीत होते. काही मिळालं नव्हतं आणि तरी हातात काहीतरी लागल्यासारखं वाटत होतं.

घरी येऊन सासऱ्यांना सांगितलं. त्यांना अशा गोष्टींत भलताच उत्साह. दुसऱ्या दिवशी सव्वासहाला त्यांनी बाल्कनीत दोन खुर्च्या मांडल्या, स्टुलावर बाटल्या ओळीने लावल्या आणि कारखान्यातल्या सुपरवायझरच्या आवाजात पुकारलं, "मोबाईल जमा करा. एक नंबर!"

तेव्हापासून रोज सकाळी आमचा तो कार्यक्रम ठरून गेला. मी डोळे मिटायचे, ते बाटली माझ्या नाकाखाली धरायचे आणि मनगटावरच्या घड्याळात वीस सेकंद मोजायचे. मन पळायचं. आज ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, डबा भरायचाय, पाण्याची टाकी. पळालं हे लक्षात आलं की मी परत बाटलीपाशी यायचे. आधी वीस सेकंदांत दहा वेळा पळायचं. मग कमी झालं.

आणि मग गंमत सुरू झाली. वास नव्हता, पण नाकात इतकं काही घडतं हे मला बेचाळीस वर्षांत माहीतच नव्हतं! निलगिरी आत जाताना थेट कपाळामागे गार रेघ ओढायची. लिंबू नाकपुडीच्या कडेला बारीक टोचायचं. आत जाणारा श्वास गार आणि बाहेर पडणारा कोमट. डाव्या आणि उजव्या नाकपुडीतली हवासुद्धा सारखी नसायची. "बाबा, निलगिरी आज डावीकडून जास्त गार आहे," असं मी सांगायचे आणि ते गंभीरपणे वहीत लिहायचे. मला रात्री झोपताना सकाळची उत्सुकता वाटायला लागली. ऑफिसात चहाचा कप हातात घेतला की आधी त्याचा गरमपणा तळहातांना कळू द्यायचा, मग पहिला घोट, हे आपोआप व्हायला लागलं. मान सैल झाली. झोपही लागायला लागली.

असे सहा-सात आठवडे गेले. एका सकाळी तीन नंबरची बाटली नाकाखाली आली, लवंगेची, आणि मी किंचाळून खुर्चीतून उठले.

"काय झालं?" सासरे घाबरले.

"बाबा, टायर! जळका टायर! लवंगेला जळक्या टायरचा वास येतोय!"

त्यांनी बाटली स्वतः हुंगून पाहिली. "मला तर लवंगच वाटतेय."

"पण मला वास आला! कसला का असेना, आला!"

"मग अभिनंदन," ते म्हणाले, "फक्त आज मसालेभात तुझ्या नाकावर भरवसा ठेवून करू नकोस." पण वहीत त्यांनी 'टायर' हा शब्द दोनदा अधोरेखित केला. नवरा आतून दाढीचा फेस तसाच ठेवून बाहेर आला, आणि आम्ही तिघं आळीपाळीने लवंग हुंगत बसलो. डॉक्टरीणबाईंना फोन केला तर त्याही खूश झाल्या. नस जागी होताना आधी असे चुकीचे वास येतात, हे चांगलं लक्षण आहे, म्हणाल्या.

पुढचे दिवस विचित्र होते. कॉफीला कुजक्या भाजीचा वास, साबणाला पेट्रोलचा. मी दर वेळी आनंदाने घरी खबर द्यायचे.

आणि मग तो गुरुवार उजाडला. संध्याकाळी कंपनीची बस हिंजवडीच्या चौकात नेहमीसारखी अडकली होती. अर्धा तास झाला, चाक हललं नव्हतं. लोक कानात गाणी घालून पेंगत होते. मी खिडकीला डोकं टेकून नुसती श्वासाकडे बघत होते. गार आत, कोमट बाहेर. आणि एका गार श्वासाबरोबर काहीतरी आत आलं. आंबटगोड, ओलं, चकचकीत. मला त्याचं नाव सापडेना. जिभेवर पाणी आलं, डोळ्यांसमोर केशरी रंग आला, आणि मग नाव आलं.

मी उभी राहिले आणि भर बसमध्ये ओरडले, "संत्रं! कुणी संत्रं सोलतंय का?"

सगळ्या माना वळल्या. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. तीन रांगा पुढे बसलेल्या एका मुलीने चोरी पकडल्यासारखा हात वर केला. हातात अर्धं सोललेलं संत्रं. नागपूरकडची होती ती, नुकतीच नोकरीला लागलेली.

"सॉरी ताई, तुम्हाला त्रास होते का वासाचा?"

"अगं, त्रास कसला! मला वास आला! पाच महिन्यांनी पहिल्यांदा खरा वास आलाय!"

तिला काय कळलं देव जाणे, पण तिने बॅगेची चेन उघडली. "घ्या न ताई, घरचेच आहेत. बाबांनी पेटी पाठवली." आणि तिने एक संत्रं माझ्याकडे दिलं, एक शेजारणीला, एक मागे. मी सालीला नख लावलं आणि बारीक फवारा उडाला. अगदी तोंडावर! मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मागच्या सीटवरचा रोज मख्ख चेहऱ्याने बसणारा गृहस्थ कानातले इअरफोन काढून म्हणाला, "मॅडम, माझ्याकडे उरलेलं थालीपीठ आहे. त्याचा वास येतो का बघता?" आला! थोडासा, खमंग, दुरून आल्यासारखा. मग काय, कुणी हँडक्रीम पुढे केलं, कुणी बडीशेप. क्रीमचा आला नाही, बडीशेपेचा पेट्रोलसारखा आला, आणि प्रत्येक निकालाला बसभर हशा आणि टाळ्या. "मॅडम, सिग्नल सुटलाय, आता खाली बसा," ड्रायव्हर म्हणाला, पण तोही हसत होता.

बसमधूनच मी घरी फोन लावला.

"बाबा, संत्रं! संत्र्याचा वास आला!"

"मंत्र? कुठला मंत्र?" त्यांनी फोन डाव्या कानाला लावला होता.

"संत्रं हो! फोन उजव्या कानाला लावा! संत्रं!"

पलीकडे फोन दुसऱ्या कानाला लावल्याची खरखर. मग त्यांचा आवाज आला, जरा चिरकलेला. "लवकर ये घरी. मी वही काढून ठेवतो."

त्याला आता वर्ष होत आलं. सगळे वास परतले नाहीत. वेलदोडा अजून अगदी मुका आहे आणि कॉफी मी वासाचा नाद सोडून पिते. पण मध्यंतरी रिक्षातून मुळा नदीवरचा पूल ओलांडताना पाण्याचा दर्प असा भपकन आला की मी रिक्षा थांबवून दोन दीर्घ श्वास घेतले. नाकाला रुमाल लावलेल्या रिक्षावाल्याने विचारलं, "बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "फार बरं वाटतंय."

सकाळचा बाल्कनीतला कार्यक्रम चालूच आहे. गरज म्हणून कमी, आवड म्हणून जास्त. बाटल्यांत आता जिरं, कापूर, आवळा असं काहीही असतं आणि नवराही अधूनमधून तिसरी खुर्ची टाकतो.

काल खाली उतरले तर गेटजवळ इस्त्रीवाल्याची गाडी लागली होती. त्याने सुती सदऱ्यावर पाण्याचा हबका मारला आणि वर गरम इस्त्री टेकवली. चर्र झालं, वाफ उठली. मी थबकले.

"काय ताई, कपडे आणायचेत?"

"नाही, वास घेतेय."

त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, खांदे उडवले आणि म्हणाला, "घ्या की." आणि दुसरी बाही पालथी करून तिच्यावरही पाणी शिंपडलं.