मिडविकेटवर कुळीथ

आमच्या वाडीच्या क्रिकेट टीमचे किस्से कोणाला जमवावे लागत नाहीत. बस्त्यावकाकांच्या बेकरीच्या बाकावर अर्धा तास बसलं की ते पिठासारखे अंगावर येऊन बसतात, आणि घरी येऊन कितीही झटकले तरी थोडे राहतातच. गेल्या भातकापणीपासून अंगावर राहिलेले आज सांगते.

आधी माझं. माझं शिक्षण सगळं मालवणपासून लांब झालं. शेवटची वर्षं अमेरिकेत संख्याशास्त्र शिकण्यात गेली आणि तिथे मला बेसबॉलचं वेड लागलं. त्यातही मला सामन्यांपेक्षा हिवाळा आवडायचा. मैदानं बंद असतात आणि सगळ्या टीम पुढच्या वर्षासाठी खेळाडू घेत असतात, सोडत असतात, अदलाबदल करत असतात. कोणाला ठेवायचं आणि कोणाला जाऊ द्यायचं, या बातम्या वाचताना मला परीक्षेच्या निकालापेक्षा जास्त धडधडायचं.

गावी परतले तेव्हा मनात चित्र पक्कं होतं. वाडीची टीम भावकीवर ठरत असणार, मी आकडे घेऊन उभी राहणार, आणि मोठं भांडण होणार. आकड्यांना आडनाव नसतं, हे वाक्यसुद्धा मी विमानातच तयार करून ठेवलं होतं.

प्रत्यक्षात पहिल्याच आठवड्यात मला निवड समितीत घेतलं. कोणी हूं की चूं केलं नाही. अध्यक्ष सावंत मास्तर, म्हणजे आमचे निवृत्त हेडमास्तर, शांतपणे म्हणाले, "बरं झालं आलीस. सगळ्यांनी ज्याच्यावर रागवावं असं कोणीतरी आम्हाला हवंच होतं."

समितीतले तिसरे बस्त्यावकाका. सकाळी पाव भाजतात आणि रविवारी कीपिंग करतात. माझ्या जन्माच्या आधीपासून वाडीचे कीपर तेच. पण आता त्यांचा गुडघा खाली बसला की वर येत नाही. जानेवारीत देवीच्या जत्रेची स्पर्धा, त्याआधी नवा कीपर शोधायचा, हा यंदाचा एकच प्रश्न होता. आणि प्रश्न स्वतःच समितीत बसलेला होता.

"कीपर बघूक व्हयो," असं दर बैठकीला सगळ्यात आधी बस्त्यावकाकाच म्हणायचे. मग प्रत्येक नावाला नाक मुरडायचेही तेच.

* * *

पहिल्या बैठकीत मी लॅपटॉप उघडला आणि गेल्या सीझनचे आकडे दाखवले. सगळ्यात खाली दाजींचं नाव होतं. दाजी म्हणजे साठीकडे झुकलेले, मिडविकेटला उभे राहणारे आणि बहुतेक वेळा उभेच राहणारे गृहस्थ. त्यांना वगळायचं ठरलं. एकमताने.

दुसऱ्या दिवशी सरावाला गेलो तर मिडविकेटवर दाजी पॉवर टिलर फिरवत होते.

"दाजी, हे काय?" मास्तरांनी विचारलं.

"कुळीथ पेरतंय."

आमचं मैदान म्हणजे भाताचे कुणगे, शेताचे लहान तुकडे. कापणी झाली की बाकीचं गाव त्यात कुळीथ नाहीतर चवळी पेरतं. आमच्या वाडीतले काही लोक मात्र आपापला तुकडा मोकळा ठेवतात, आणि ते तुकडे मिळून मैदान होतं. मिडविकेटचा कुणगा दाजींचा होता.

"अहो, पण आम्ही खेळायचं कुठे?"

"तुमी खेळा मा. मी नाय खेळणंय तर कुणगो उघडो कित्याक ठेवू?" दाजींनी टिलर बंद केला. "राग नाय हां. पिठी झाली काय तुमका धाडून देतंय."

निवड समितीची दुसरी बैठक तिथेच, बांधावर, उभ्या उभ्या झाली. दाजी परत टीममध्ये आले. पुन्हा एकमताने.

घरी जाताना बस्त्यावकाका मला म्हणाले, "चेडवा, तुझ्या त्या कॉम्प्युटरात कुणगे पण घाल."

घातले. माझ्या तक्त्यात आता रन, कॅच आणि जमीन असे तीन रकाने आहेत. अर्ध्या कुणग्यात पेरणी होऊन गेलेली होती, त्यामुळे यंदा आमच्या मिडविकेटवर कुळथाचा हिरवा पट्टा आहे. बॉल त्यात गेला की दोन रन, आणि रोपं न तुडवता तो काढायचा. गेली कित्येक वर्षं दाजींच्या घरी या कुणग्याचे कुळीथ आलेच नव्हते, हे मला त्या दिवशी समजलं. आमचं मैदान दर वर्षी कोणीतरी आपल्या जेवणातून काढून देतं. हा आकडा कुठल्या रकान्यात मांडायचा, ते मला अजून जमलेलं नाही.

* * *

अमेरिकेतला हिवाळा आणि आमची निवड एकाच वेळी सुरू होती, त्यामुळे मी रोज सकाळी बाकावर तिकडच्या बातम्या वाचून दाखवायचे. माझ्या टीमचं नाव सांगत नाही. सारखी हरते बिचारी.

एकदा वाचलं, की माझ्या टीमने एक पिचर, म्हणजे तिकडचा बोलर, घेतला, आणि त्याच्या बदल्यात कोण द्यायचा ते नंतर ठरवणार आहेत. बेसबॉलमध्ये असं चालतं.

दाजींनी चहाची बशी खाली ठेवली. "म्हणजे माणूस घेतल्यानी, आणि बदल्यात दितले कोणाक ता मागीर?"

"हो."

"आणि समोरच्यांका चलता?"

"चालतं. तसा नियमच आहे."

"यालाच विश्वास म्हणतात," मास्तर म्हणाले.

बस्त्यावकाका भट्टीतून पाव काढत होते. मागे न वळता म्हणाले, "खालच्या वाडीन आमचो पाण्याचो पंप नेल्लो, तेच्या बदल्यात काय ता मागीरच ठरतला हा."

* * *

कीपरसाठी पहिलं नाव बाळाचं आलं. बाळा वाडीतलाच, दशावतारी नाटकात स्त्रीपार्ट करतो. हात असे चपळ की बघत राहावं. पण जत्रांचा मोसम म्हणजे रोज रात्री कुठल्या ना कुठल्या गावात नाटक, त्यामुळे चाचणीला तो पहाटे नाटक संपवून थेट मैदानावर आला. डोळ्यांत काजळ तसंच.

पहिल्या ओव्हरला त्याने दोन स्टंपिंग केली. दुसऱ्या ओव्हरला बॉल त्याच्या बाजूने सरळ निघून गेला. बाळा हललाच नाही. जवळ जाऊन बघतो तर बसल्या जागी गाढ झोपलेला.

बस्त्यावकाका बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. "झोपलो आसा," ते म्हणाले, "पण बसणी बघ कशी आसा. माका जागेपणी जमणा नाय."

उठवल्यावर बाळाने स्वतःच हात जोडले. "माका नको रे बाबा. माझ्या नाकार बॉल बसलो तर नाटकाचो मालक माका उद्यापासून राक्षस करतलो."

* * *

जत्रेच्या स्पर्धेचा एक नियम आहे. खेळाडू गावचाच हवा. मुंबईला राहणारा चालतो, पण त्याचं घर इथे पाहिजे. आणि गावचा जावई चालतो.

मसुरे गावचा प्रसाद फार चांगला कीपर. त्याचं दाजींच्या पुतणीशी, सायलीशी, लग्न ठरलेलं होतं. अडचण एवढीच, की लग्न मे महिन्यात आणि स्पर्धा जानेवारीत.

समिती दाजींच्या घरी गेली. मास्तर मुलीच्या वडिलांना म्हणाले, "डिसेंबरातही एक उत्तम मुहूर्त आहे."

"कोणी काढलो?"

"समितीने."

माझ्या तत्त्वांना हे काही पटेना. एका मुलीचं लग्न आपण टीमसाठी हलवतोय! मी सायलीला मागच्या पडवीत गाठलं आणि सांगितलं, की तिला नको असेल तर मी एकटी विरोधात मत देईन.

"गो, लवकर झाला तर माका बराच आसा," सायली म्हणाली. "पण हो आमच्या वाडीतून खेळान शून्यार गेलो तर लोक माका बोलतले. पयली तेचे रन दाखव."

गावात परतल्यापासून कोणीतरी आपणहून माझ्याकडे आकडे मागण्याची ती पहिलीच वेळ. मी लॅपटॉप घेऊन आले. सायलीने दोन सीझन नीट वाचले, एका स्पर्धेत बोट ठेवून "हय काय झाला होता?" असंही विचारलं, आणि मग होकार दिला.

तिकडे करारावर सही करतात, आमच्याकडे अंतरपाट धरला. अक्षता पडत होत्या तेव्हा मी सहज बस्त्यावकाकांकडे पाहिलं. ते नवऱ्याच्या हातांकडे बघत होते.

"हात कडक नाय तेचे," ते हळूच म्हणाले. "बॉल येवन बसतलो."

पहिल्यांदाच त्यांनी एका नावाला नाक मुरडलं नव्हतं.

* * *

लग्नानंतर टीम जवळजवळ ठरली. कीपर प्रसाद. अकरावं नाव तेवढं राहिलं होतं. मला लाँग-ऑनला कोणीतरी पळणारा हवा होता. मात्र बस्त्यावकाकांना "तुम्ही आता नाही" असं तोंडावर कोणीच म्हटलेलं नव्हतं, आणि तेही विचारत नव्हते.

अशातच सकाळी बातमी वाचली. माझ्या टीमने त्यांच्या जुन्या कॅचरला सोडलं. बेसबॉलमध्ये कॅचर म्हणजे आपला कीपरच. कित्येक वर्षं खेळला होता बिचारा. त्याला फोनवरून कळवलं, तेव्हा तो बाजारात होता.

"फोनार सांगल्यानी?" बस्त्यावकाकांनी विचारलं.

"हो."

"वांगडा कोण होता?"

"एकटाच होता म्हणे."

"काय घेवक गेल्लो?"

"ते बातमीत नाही, काका."

"ताच लिवक व्हया होता," ते म्हणाले आणि भट्टीकडे गेले.

ते आत गेल्यावर मास्तर माझ्याकडे झुकले. "प्राची, बस्त्यावला तू सांग. मी त्याला शाळेत शिकवलंय. मला जमणार नाही."

* * *

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. नाताळ जवळ आला होता, मेरी काकी नेवऱ्या, म्हणजे करंज्या, भरत होती. काका पाय लांब करून खुर्चीत बसले होते.

"ये गो. बस. नेवरी खा."

"काका, मी कीपिंगचं—"

"पयली खा."

मी खाल्ली. त्यांनी दुसरी पुढे केली. तीही खाल्ली. मग पाणी प्यायले. बाहेर कोणाची तरी सायकल गेली.

"झाला?" काकांनी विचारलं.

"काय?"

"सांगून झाला मा? बरा सांगलंस."

मेरी काकीने हातातली नेवरी ताटात ठेवली.

"तुमचा झाला. माझा खंय झाला? लगीन झाल्यापासून रविवार माझो आसा. मिसाक जातंय, येतंय, रेडिओ लावतंय, पाय पसरून बसतंय. आता हो दिवसभर घरात बसतलो आणि दर धा मिनटांनी इचारतलो, मीठ खंय आसा. तुमच्या समितीत माझो इचार कोणी केलो?"

"मीठ खंय आसा ता माका म्हायत आसा," काका म्हणाले.

"खंय आसा?"

काकांनी फळीकडे पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं.

"बघितलंस?" काकी मला म्हणाली.

निघाले तेव्हा काका गुडघा धरत बेड्यापर्यंत, अंगणाच्या फाटकापर्यंत, पोचवायला आले. अंधार पडायचा होता. "प्रसादाक एक सांगूक व्हया," ते म्हणाले. "माडांच्या बाजून बॉल इलो काय खाली बसता. बॉल दिसता वर, पण येता खाली. दर ओव्हराक सांगूक व्हया, नायतर इसारतलो."

"तुम्हीच सांगा ना त्याला."

"सांगलंय असतंय," काका म्हणाले. "पण मी थंय खंय आसतलंय?"

टेनिस बॉलच्या क्रिकेटमध्ये स्लिप कोणी लावत नाही. बॉल हलका, कड लागली तरी तिथे जात नाही. कीपरच्या शेजारी, हाताच्या अंतरावर एक माणूस नुसता उभा करून ठेवणं म्हणजे दहा जणांनी खेळणं, असं माझे सगळे आकडे सांगतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मास्तरांकडे गेले आणि सांगितलं, लाँग-ऑन राहू दे, यंदा आपण स्लिप लावतोय.