चंद्रावर वारा नसतो

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ तर नाहीच. तुम्हाला सांगते – का, ते विचारू नका.

मी विज्ञानाची बाई, जुन्नरला शाळेत शिकवते. सुनंदा माझी धाकटी जाऊ. दहावी नापास, पण बोटांत काय होतं तिच्या, काय सांगू! आपलं यान चंद्रावर उतरलं त्या वर्षी शाळेत प्रदर्शन ठेवलं, आणि मीच तिला हौसेनं रांगोळी काढायला नेलं. मीच बरं का.

दोन दिवस उकिडवी बसून तिनं वर्गभर चंद्र काढला. खड्डे, खड्ड्यांतल्या सावल्या, मधे उतरलेलं यान. राखाडी रंग मनासारखा जमेना म्हणून घरून चुलीतली राख वस्त्रगाळ करून आणली. मी तिला सांगितलं होतं, चंद्रावर वारा नसतो, तिथं उमटलेलं पाऊल पुसलं जात नाही. तर हसून म्हणाली, "आक्का, मग रांगोळी तिथंच काढाया पायजे व्हती."

मग मुख्याध्यापक आले. उद्या आपल्या तालुक्यातल्या त्या मोठ्या दुर्बिणीच्या केंद्रावरचे साहेब येणार, त्यांना आधी ही रांगोळीच दाखवू म्हणाले. रांगोळीचा फोटो मोठा करून तिकडं केंद्रात लावतात का, विचारू. माझे तक्ते शेजारच्याच भिंतीवर होते – आठ दिवस खपून केलेले. मान वळवून तरी बघावं की नाही माणसानं? नाही बघितलं. पंधरा वर्षं चंद्र शिकवतेय मी, आणि कौतुक सुनंदाचं... जळफळाट झाला माझा. झालाच, खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी लाइट गेलेली. सुनंदा हात धुवायला नळावर गेली. कुलूप लावायचं काम माझ्याकडं. आणि मी – पंख्यांची चारही बटणं दाबली. हो, दाबली.

पंखे हलले नाहीत. लाइटच नव्हती, हलणार कसे? परत बंद करायला कितीसा वेळ लागला असता? मी कुलूप लावलं आणि तिच्या शेजारी एसटीत बसले.

घरी जेवताना लाइट आली. "आली बाई एकदाची!" म्हणत सुनंदानं माझ्या ताटात गरम भाकरी टाकली. वर्गाची किल्ली माझ्या पर्समध्ये होती. मी भाकरी खाल्ली.

सकाळी दार उघडलं तर पंखे गरगरत होते आणि सगळा चंद्र भिंतींच्या कडेला जाऊन पडला होता. जो तो म्हणाला, लाइट नसताना उकाड्यानं हिनंच बटणं दाबली असणार, मग विसरली. सुनंदा नुसती बटणांकडं बघत राहिली. मग माझा हात धरून म्हणाली, "आक्का, मीच दाबलं आसंल वो. मला कायबी आठवंना." आणि रडत रडत माझीच माफी मागितली – माझ्यामुळं तुमची मान खाली गेली म्हणून.

मी म्हणाले, असू दे.

तेव्हापासून ती रांगोळीला हात लावत नाही. दिवाळीला दारात मीच चार वाकड्या रेघा ओढते. आणि अजूनही – कुठं बाहेर निघालो की सुनंदा उंबऱ्यातून दोनदा मागं फिरते, बटणं बंद आहेत का बघायला. मी चपला घालून अंगणात थांबते.