आडनावांच्या क्रमाने
हडपसरहून मांजरीकडे वळलं की उसाच्या मळीचा आंबूस वास येतो आणि मला माझ्या गाइड मॅडमची खोली आठवते. खिडकीतून हाच वास आत यायचा, टेबलावर चहा गार होत असायचा आणि मी माझ्या पहिल्या शोधनिबंधाची संदर्भसूची आडनावांच्या क्रमाने लावत बसलेली असायचे. प्रत्येक संदर्भ मोठ्याने वाचायचा आणि मूळ निबंध हातात धरून ताडून बघायचा, ही मॅडमची शिस्त. त्या दुपारी सूचीतल्या वरच्याच एका जुन्या नावाशी मी अडले. निबंधावर आडनाव आणि नुसती आद्याक्षरं होती. म्हटलं, "मॅडम, ह्यांची पद्धत फारच ढोबळ आहे, तसं मी लिहिलंयसुद्धा. पुढे हे कुठेच दिसत नाहीत. काढून टाकू का?" मॅडमनी शांतपणे चष्मा पुसला. "दिसतात की. सूचीच्या तळाशी बघ. मीच ती, लग्नाआधीची." नव्या आडनावाने त्यांना पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं होतं. मी ओशाळून वरचंही नाव बदलायला गेले, तर म्हणाल्या, "अहं. टीका राहू दे, बरोबर आहे ती. आणि नाव छापलंय तसंच ठेव. ते काम तिचं आहे." पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे. परवा होणाऱ्या सासूबाईंनी फोनवर सहज विचारलं, "आडनाव बदलणार ना गं?" म्हटलं, "नाही हो, आई. मला सूचीत एकाच जागी राहायचंय."